बारक्याची चादर

२९ नोव्हेंबर, शनिवार

बारक्या आला. बिबवेवाडी ते कर्वेनगर मागच्या सीटवर उभ्यानेच आला, बसायला तयार नाही. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला म्हणाला, मॅडम, घोडा घेतला का. ग्रेट डेन, वय पाच, वजन एकसष्ट किलो आणि नाव बारक्या. बोत्रेकाकांनी आणला तेव्हा म्हणे टोपीत मावत होता.

काका चौऱ्याहत्तरचे. मार्केट यार्डात गुळाची आडत, आता मुलगा बघतो. राहतं रो-हाउस पाडून तिथे इमारत होणार, तोवर भाड्याचा फ्लॅट, चौथ्या मजल्यावर. त्या सोसायटीने कुत्रा म्हटल्यावरच मान हलवली, माप ऐकायलाही थांबले नाहीत. नव्या इमारतीत मिळणार तोही सहावा मजला. म्हणून मी, अशा कुत्र्यांना नवं घर मिळवून देणारी.

आमचे नियम काकांनी तंतोतंत पाळले. छापील कागद आहे माझा, पुढे अकरा नियम, मागे कुत्र्याची माहिती. नियम चौथा: कुत्र्याबरोबर त्याच्या माणसाची वापरलेली चादर जाणार, न धुता. दोघं निदान तीन रात्री तिच्यावर झोपलेले हवेत. नव्या घरी पहिले पंधरा दिवस तेवढा एकच ओळखीचा वास. काका झोपले तीन रात्री, फरशीवर, या थंडीत. पाठ धरली म्हणाले, पण झोपलो. चादर स्वतः घडी करून पिशवीत घातली. निळी, चौकडीची, सोलापुरी.

नियम सातवा त्यांना रुचला नाही. दोन महिने भेट नाही, फोनवर आवाजसुद्धा नाही, खबरबात फक्त माझ्याकडून. का, म्हणून विचारलं. मग त्या लॅब्रेडॉरचं सांगितलं. आठव्या दिवशी जुना मालक प्रेमाने भेटायला गेला, तासभर बसून निघाला आणि कुत्रा त्याच्या गाडीमागे थेट हायवेवर. पुढचं सांगावं लागलं नाही. काका म्हणाले, "बरं. पण त्यो तिकडं रमला असं तुम्ही सांगाल तवाच मी घराची किल्ली देनार. न्हाई रमला, तर हाय आपलं घर." मुलाने नुसतं वर पाहिलं. शेजारपाजारचे सगळे बिल्डरला किल्ल्या देऊन मोकळे झालेत, काकांचीच राहिली आहे.

निघताना बारक्याशी काही बोलले नाहीत. कानामागे खाजवलं आणि आत निघून गेले. मीच तसं बजावलं होतं. नियम नववा.

३० नोव्हेंबर, रविवार

आज निघायचं होतं. नीलेशची गाडी गॅरेजमध्ये, आता मंगळवार. नीलेश आयटीत, मूळचा अमरावतीचा. आम्ही पाच-सहा जण आहोत ही असली धिप्पाड कुत्री या गावातून त्या गावाला पोचवणारे. एक जण अर्ध्या वाटेपर्यंत नेतो, पुढे दुसरा. बारक्याचं घर नीलेशनेच शोधलं. अमरावतीच्या पुढे, परतवाड्याच्या रस्त्याला, राऊत म्हणून नवरा-बायको आहेत, त्यांची संत्र्यांची बाग. दिवाळीत स्वतः जाऊन कुंपण, पाणी, सावली सगळं बघून आला.

बारक्या हॉलमध्ये चादरीवर. नाक घडीत खुपसून. सकाळी अर्धी भाकरी खाल्ली, बाकी लाळेत.

सोसायटीचे सेक्रेटरी वर येऊन गेले. "हा प्राणी तात्पुरता आहे ना?" म्हटलं, आपण सगळेच. गेले.

१ डिसेंबर, सोमवार

आज एक गोष्ट केली ती लिहून ठेवते.

विद्याताई, माझी नणंद, आज चारला चहाला आली, होणाऱ्या सुनेच्या आईवडिलांना घेऊन. आमच्याकडेच का, तर म्हणे कर्वेनगर त्यांना जवळ. तीन दिवसांची लाळ, कुत्रा, हॉलभर दर्प. श. (रोजनिशीत नवऱ्याचं अख्खं नाव कशाला) पेपरातून डोकं न काढता म्हणाला, पाहुण्यांना दारात मास्क देऊया का. बाई, माझं डोकंच फिरलं. चादर ओढली, मशीनमध्ये टाकली, वर दोन झाकणं जंतुनाशक.

लक्षातच आलं नाही असं लिहिणार होते. खोटं आहे ते. बटण दाबताना नीट कळत होतं. वाटलं, चालेल. दोन रात्री इथे झोपलाय, स्वतःचा वास तर परत लागेल. त्याला स्वतःच्या वासाचं काय करायचंय? काकांचा हवा होता.

पंधरा वर्षं लोकांना बोलतेय यावरून. कोथरूडच्या एका बाईने उशी धुतली होती तेव्हा तिला रडेपर्यंत झापलं होतं.

पाहुण्यांच्या घरी दोन कुत्री आहेत. आल्या आल्या विचारलं, तुमच्याकडे डेन आलाय म्हणे, कुठे आहे? त्याला मी बाल्कनीत कोंडला होता.

संध्याकाळी चादर वाळली. बारक्यापुढे घातली. हुंगली, एक फेरी मारली, बाजूला फरशीवर जाऊन बसला.

२ डिसेंबर, मंगळवार

संभाजीनगरपर्यंत आम्ही, मी आणि नीलेश. पुढे राऊत. ढाब्यावर भेट ठरलेली, ते आधीच येऊन थांबले होते. दोघंही पन्नाशीचे. दीपकराव उंच, कमी बोलणारे. वंदनाताई गाडीतून उतरल्या त्या थेट बारक्यासमोर उकिडव्या बसल्या, हात लावला नाही, नुसत्या बसल्या. पाच मिनिटांनी त्यानेच नाक लावलं. असं शिकवूनही येत नाही लोकांना. घर चांगलं आहे, यात शंका नाही.

कागद झाले, सह्या झाल्या. चादर दिली. वंदनाताईंनी दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाल्या, "याच्यात त्याच्या बाबांचा वास असंल ना?"

मी हो म्हणाले.

सकाळी निघताना बिबवेवाडीवरून जाता आलं असतं. दुसरी चादर मागता आली असती, घातलेला सदरासुद्धा चालला असता. पण मागायची म्हणजे धुतली हे सांगायचं. ज्या माणसाला अकरा नियम वाचून दाखवले त्याला. जीभ रेटली नाही.

परतताना नीलेश विचारत होता, ताई, गप्प का? म्हटलं, झोप नाही झाली.

४ डिसेंबर, गुरुवार

राऊतांचा फोन. "मॅडम, हा काही खाऊन नाही राह्यला. दोन दिवस झाले, नुसता गेटकडे पाहून राह्यला." म्हटलं होतं असं, दोन-तीन दिवस, घाबरू नका. पाणी पितोय, तेवढं बरं. चादरीवर झोपतो का, विचारलं. नाही म्हणाले. चादर आहे तशी अंथरलेली आहे, त्याच्याकडे फिरकत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

चारला काकांचा फोन. चारलाच का, तर ती बारक्याची फिरायला न्यायची वेळ. आता रिकामी असते.

रमला का?

रमला.

जेवतो का?

जेवतो.

किती?

मी दोन भाकऱ्या म्हणाले. दोनच, म्हणाले, इथं चार खायचा. मग मी म्हटलं, दोन सकाळी, दोन संध्याकाळी. ते हसले. इतक्या वर्षांत मी नव्या घराबद्दल जुन्या माणसाशी कधी खोटं बोलले नव्हते. "जरा वेळ लागतोय" असं मोघम बोलले असेन. भाकऱ्या मोजून खोटं पहिल्यांदाच.

स्वतःला समजावलं की तीन-चार दिवसांत खायला लागणारच आहे, तेव्हा ते खरंच होईल. आगाऊ सांगितलं, इतकंच. आणि म्हातारं माणूस, जिवाला घोर कशाला. मला माझीच समजूत फार पटकन पटते.

७ डिसेंबर, रविवार

नाही खात. काल थोडं दूध चाटलं. वंदनाताई त्याच्यासाठी वेगळं काय काय शिजवतायत. अंडी, दहीभात, कोंबडी.

दुपारी काकांचा मुलगा घरी आला. हातात गुळाची ढेप. बाबांनी पाठवली म्हणाला, पहिल्या गुऱ्हाळाची आहे. आणि मोकळा होऊन सांगितलं की बाबांनी कालच किल्ली दिली. तुमचा फोन झाला आणि लगेच तयार झाले, चार महिने ऐकत नव्हते. तुमचे उपकार आहेत मेधाताई.

मी चहा केला त्याला. साखर घालायची विसरले, तसाच प्यायला बिचारा.

किल्ली दिली. मला वाटलं होतं महिनाभर तरी जाईल. मी वेळ काढत होते आणि तिकडे त्यांनी माझ्या शब्दावर घर सोडलं.

श. ढेप बघून म्हणाला, पुरणपोळ्या होतील का? ओट्यावरच आहे, फोडली नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

डॉक्टरांनी सलाइन लावली. राऊतांकडे जे येतात ते गुरांचे डॉक्टर, पण माणूस समजूतदार आहे, माझ्याशी नीट बोलले. रक्त तपासलं, ताप नाही, पोट ठीक, दुसरं काही सापडत नाही. चव्वेचाळीस इंच घेर होता छातीचा, आता बरगड्या मोजता येतात म्हणाले. एवढ्या मोठ्या देहाला असं फार दिवस चालत नाही, आठवडा म्हणजे खूप झालं.

वंदनाताई फोनवर होत्या. "मॅडम, आमचं काही चुकून राह्यलं का?"

हे ऐकून घेतलं मी. नाही म्हणाले, पण पुढे जे बोलायचं होतं ते नाही बोलले. ती बाई आपल्या स्वयंपाकात चूक शोधतेय आणि चूक माझ्या मशीनमध्ये.

यार्डात काम होतं म्हणून परत येताना मुद्दाम बिबवेवाडीवरून आले. काकांच्या घराची दारं-खिडक्या काढून नेलेल्या. चौकटी तेवढ्या. अंगणात बारक्याची सिमेंटची कुंडी, पाण्याची, पालथी पडलेली.

१० डिसेंबर, बुधवार

श.ला सांगितलं सगळं. ऐकून घेतलं, चष्मा पुसला. मग म्हणाला, "मग आता मला का सांगतेस? मला कुत्रा पण नाही आणि किल्ली पण नाही." चीड आली, पण बरोबर बोलला. एकतीस वर्षांत बरोबर बोलायची याची वेळ नेमकी अशी असते.

म्हणाला, येऊ का बरोबर? नको म्हटलं.

चारला काकांचा फोन आला. उचलला नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

जाऊन आले.

चौथा मजला. खोकी अजून तशीच बांधलेली, सूनबाईंनी एका खोक्यावरच चहा ठेवला. काका खूश दिसले, मला बघून उठून उभे राहिले. सुनेला म्हणाले, बारक्याच्या ताई आल्या. मी बसले नाही. बसले असते तर आधी हवापाण्यावर बोलले असते. उभ्यानेच सांगितलं. चादर धुतली. राऊतांना खोटं बोलले. तुम्हाला खोटं बोलले. नऊ दिवस तो जेवलेला नाही.

सूनबाई आत निघून गेल्या. काका खाली बसले. मला वाटलं किल्लीचं बोलतील, ओरडतील. त्यांनी वेगळंच विचारलं.

"धुतली?"

हो म्हटलं.

"साबनानं?"

हो.

"मग मी तीन रात्री फरशीवर कशापायी झोपलो?"

 

मग काका म्हणाले की मी येतो, आत्ता निघू. पायात चपलासुद्धा सरकवल्या. आणि मी नाही म्हणाले. लॅब्रेडॉर आठवला. यांना बघितल्यावर बारक्या खाईल, उड्या मारेल, आणि हे परत निघाले की काय होईल? काकांना तिथे ठेवता येत नाही आणि त्याला परत आणायला घर उरलेलं नाही. हे सगळं समजावलं. आवाज बहुतेक नेहमीचाच लागला माझा, कागद वाचून दाखवतानाचा.

काकांनी चपला काढल्या. "नियम तुम्ही मोडायचे आन आम्ही पाळायचे, असं हाय तर." रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर परवडलं असतं.

मग अंगातला स्वेटर काढला. तपकिरी, अर्ध्या बाह्यांचा, काखेत उसवलेला. माझ्या हातात दिला. "ह्यो धुऊ नका." आणि सांगितलं की भाकरी दुधात कुस्करायची, वर खडाभर गूळ, आणि हाताने द्यायची, ताटलीत नाही. लहानपणापासून तसंच. "तुमच्या कागदात हे विचारलंच न्हाई."

खरंच नाही विचारलेलं. वजन आहे, लसी आहेत, मुलांशी कसा, मांजरांशी कसा. कसा जेवतो, कोणाच्या हातून जेवतो, ही ओळच नाही. मी पण त्याला चार दिवस ताटलीत टाकून दिलं.

दारापर्यंत आले. म्हणाले, आता मला फोन करू नका. "तुम्ही खरं सांगितलं तरी मला आता कळायचं न्हाई."

१२ डिसेंबर, शुक्रवार

नीलेशला सगळं सांगितलं. त्याने सुट्टी टाकली. उजाडता निघालो. स्वेटर स्टीलच्या मोठ्या डब्यात, घट्ट झाकण, माझ्या मांडीवर. पाच-सहाशे किलोमीटर डबा मांडीवरून उतरवला नाही. ढेप फोडून एका पिशवीत गूळ घेतला.

जालन्यापाशी चहाला थांबलो तेव्हा नीलेशने एवढंच विचारलं, "ताई, पहिल्याच दिवशी मला का नाही सांगितलं? आपण वळलो असतो." वळलोच असतो. पाऊण तासाचं काम होतं.

राऊतांच्या बागेत पोचेपर्यंत सहा वाजले. बारक्या गेटपाशी. उठला नाही. आधी ओळखलाच नाही मी, नुसता सांगाडा, डोळे तेवढे मोठे. डबा उघडला. स्वेटर पुढे ठेवला आणि मागे सरकले.

हुंगला. मग उभा राहिला. पाय थरथरत होते. पूर्ण तोंड स्वेटरमध्ये घातलं आणि आवाज काढला, भुंकणं नाही, वेगळाच, इतक्या वर्षांत मी ऐकलेला नाही. शेपूट हलवायला लागला. वंदनाताई रडायला लागल्या, म्हणाल्या, आता खाईल, आता खाईल.

त्याने स्वेटर तोंडात धरला आणि गेटकडे तोंड करून बसला. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीकडे बघत होता, अजून कोणी उतरायचं राहिलंय असं.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळी राऊतांना आणि वंदनाताईंना चादरीचं सांगितलं. दीपकराव उठून बागेत गेले, तासभर आले नाहीत. वंदनाताई म्हणाल्या, "मले वाटलं आमच्या हाताची चवच नाही त्याले." आणि भाकरी टाकायला बसल्या. यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दूध, भाकरी, काकांचा गूळ. वंदनाताई गेटपाशी मातीतच बसल्या त्याच्या शेजारी, हात पुढे करून. मी लांबून बघत होते. अर्धा तास गेला. हात अवघडला असेल, पण हलवला नाही. मग त्याने चाटलं. मग एक घास. मग तळवा पूर्ण साफ केला.

पाऊण भाकरी खाल्ली. स्वेटर पायाखाली दाबून.

मी जवळ गेले नाही. माझा काही हक्क नव्हता.

१५ डिसेंबर, सोमवार

पुण्यात. राऊतांकडून रोज खबर येते. काल दीड भाकरी, आज दोन. सलाइन बंद. दुपारपर्यंत वंदनाताईंच्या मागे मागे बागेत फिरतो म्हणे. चार वाजले की स्वेटर घेऊन गेटपाशी जाऊन बसतो, अंधार पडेपर्यंत.

हे काकांना सांगायला हवं. दोनदा फोन लावला. उचलत नाहीत. आता तर आकडा खरा आहे.

१७ डिसेंबर, बुधवार

चौथ्या मजल्यावर गेले. मुलाने दार उघडलं, आत या म्हणाला नाही. बाबा चारला बाहेर पडतात, सहाला येतात, कुठे जातात सांगत नाहीत. मला ठाऊक होतं कुठे. मी जुन्या घराकडे गेले.

पत्र्याचं कुंपण घातलंय सगळीकडून. काका बाहेर उभे, हातात बारक्याचा पट्टा. मला बघून तो पट्टा पाठीमागे घेतला, शाळेतल्या मुलासारखा. फार वाईट वाटलं मला.

म्हटलं, काका, खातोय आता, दोन भाकऱ्या खातोय, वंदनाताईंच्या हातून. ते ऐकत होते, पण चेहऱ्यावर काही नाही. माझंच ऐकू येत होतं मला. दोन भाकऱ्या. त्या दिवशीही मी दोनच म्हणाले होते, त्याच आवाजात.

पर्समधून चिठ्ठी काढली, राऊतांचा नंबर लिहिला, त्यांच्या हातात ठेवला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. सातवा नियम माझ्या हाताने मोडला. म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुम्हीच विचारा, त्यांनाच विचारा. पण बारक्याला आवाज ऐकवू नका काका, तेवढं करा. त्यांनी चिठ्ठी न वाचता खिशात घातली.

विचारलं, सोडू का घरी? म्हणाले, मी चालतो. ही वेळ चालायचीच असते.

२० डिसेंबर, शनिवार

हडपसरहून रॉटवायलर येणार आहे पुढच्या आठवड्यात, मादी, सात वर्षांची, नागपूरला जायची आहे. श. म्हणाला, करणार आहेस का अजून? माहीत नाही म्हटलं. आत्ता नाही म्हटलं तर ती रस्त्यावर येते. नीलेशला सांगितलं, हिची चादर तुझ्या घरी ठेव, माझ्याकडे नको.

कागद नव्याने लिहायला घेतला. मागच्या माहितीत एक ओळ घातली, कोणाच्या हातून जेवतो. मग पेन ठेवलं. काय उपयोग.

ढेपेला मुंग्या लागल्या आहेत. उचलून ठेवणं होत नाही.

राऊतांना विचारलं, पुण्याहून कोणाचा फोन? नाही म्हणाले.

२३ डिसेंबर, मंगळवार

राऊतांचा फोन, आत्ता. काल चार वाजता पुण्याहून फोन आला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, नाव सांगितलं नाही. बारक्या खातो का, विचारलं. वंदनाताईंनी खातो म्हटलं. काय खातो, विचारलं. भाकर, दूध, गूळ म्हटलं. मग वंदनाताईंनाच राहवलं नाही, त्यांनी फोन बारक्याच्या कानाशी नेला. मी काकांना बजावलं होतं, त्यांना बजावायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

"जेव रं बाबा." एवढंच म्हणाले म्हणे काका, आणि फोन ठेवला.

बारक्याने फोन हुंगला. वंदनाताईंच्या हाताचा वास घेतला, फोनच्या मागे बघितलं. मग स्वेटर घेऊन गेटवर गेला. रात्री जेवला नाही. आज सकाळीही नाही. दुपारी पाव भाकरी खाल्ली, तीही बऱ्याच मिनतवाऱ्या केल्यावर.

पण तिकडे काकांना कळलं की तो जगलाय. खरं कळलं. हे मी देऊ शकले नसते.

राऊत विचारतायत, आज चारला परत फोन आला तर उचलायचा का? तुम्ही सांगाल तसं करतो मॅडम, तुमचे नियम असतात ना.

साडेतीन झालेत. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.